जळाल्याचा वास आला नाही

“दाब कमी पडायलाय त्याला,” अप्पा म्हणाले. व्होल्टेजला ते दाबच म्हणतात.

ते दुकानाच्या फरशीवर मांडी घालून एका मोटारीच्या खाचांमध्ये तांब्याची तार भरत होते. मान वर केलीच नाही. माझ्यासमोर कॉम्प्युटर पुन्हा गोठला होता. स्क्रीनवरचा बाण मी कितीही माउस फिरवला तरी जागचा हलत नव्हता.

“अप्पा, ही काही मोटार नाही.”

“लाइटीवरच चालतंय की.”

“हो, पण…”

“मग मोटारच हाय. लहान हाय, एवढंच.”

आता याच्यावर काय बोलणार? मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि कपाळावर हात मारून घेतला. लातूरचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. तिथं हा कॉम्प्युटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायला हवा होता. आणि तो तासभरसुद्धा तग धरत नव्हता.

आमचं दुकान देवणीत, उदगीर रस्त्यावर आहे. पाटीवर ‘संगमेश्वर मोटार रिवाइंडिंग’ लिहिलंय, पण सगळे अप्पांच्या नावानं ‘मलप्पाचं दुकान’ म्हणतात. जळालेली मोटार येते, अप्पा तिच्या आतली काळी झालेली तार उपसून काढतात, नवी भरतात, वार्निश पाजतात, वाळवतात आणि मोटार परत विहिरीवर जाते. अप्पा हे काम उदगीरच्या गुलाम रसूल उस्तादांकडे शिकले. उस्तादांचा एकच नियम होता म्हणे : आधी नाक, मग मीटर. त्यामुळे अप्पा कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी वाकून वास घेतात. वार्निश किती तापलंय, तार आतून गेलीय का नुसती वरून करपलीय, हे त्यांना वासावरून समजतं. आमच्या घरातला मिक्सर, शेजारच्यांचा पंखा, एकदा तर एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या बसचं इंजिन! आईला लाज वाटते. मला पूर्वी वाटायची.

कॉम्प्युटर आमच्याकडे आला तोही मोटारीमुळेच. उदगीरला लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्या अजहरभाईंनी नवीन मशीन घेतली, आणि बोअरची मोटार भरून दिल्याबद्दल जुनी अप्पांना दिली. “तुमच्या बेटीला होईल,” म्हणाले. बेटीला झाली! मी तिला अशी काही धरून बसले की आईनं दहावीचं वर्ष आहे, दहावीचं वर्ष आहे, असा जपच लावला.

प्रयोगाचं नाव मी ठेवलं होतं ‘भंगारातला कॉम्प्युटर, नव्याचा वेग’. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते एका ठरावीक ठेक्यात काम करतं आणि तो ठेका कारखान्यात ठरवून दिलेला असतो. पण काही प्रोसेसरचा ठेका आपल्याला वाढवता येतो. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ठेका वाढवला की थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. थोडंच. जास्त दिलं की प्रोसेसर तापतो, झिजतो आणि मरतो. हे मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की १.३५ व्होल्ट या आकड्यापाशी मी स्वतःला बांधून घेतलं होतं. तालुक्याला माझा नंबर आला. तोपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. आणि त्या नंबरानंतर तोंड बंदच होईना. मैत्रिणी म्हणायच्या, उर्वी, तुलाच कुणीतरी ओव्हरक्लॉक केलंय.

“वेग थोडा कमी कर की मग,” आमच्या विज्ञानाच्या सौदामिनी मॅडम सांगत होत्या. “बंद पडण्यापेक्षा बरं.”

पण तक्त्यावर तालुक्याला गाठलेल्या वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून झाला होता. मी वेग कमी करणार नव्हते. रोज शाळेतून आले की दुकानात बसायचं, डिलीटचं बटण दाबून धरायचं, सेटिंगचं निळं पान उघडायचं, काहीतरी बारीक बदल करायचा आणि वाट बघायची. अप्पा हातातली तार तशीच धरून माझ्यामागे येऊन उभे राहायचे.

“ह्यो व्ही म्हंजे व्होल्टच न्हवं? माझ्या मीटरवर हाय तसला?”

“हो. पण त्याला हात लावायचा नाही.”

“कामून? अगं, आपल्याकडं जेवढ्या मोटारी जळायल्यात, त्या कमी दाबानंच की. लाइट मंद आली की बिचारी जोर लावती, तापती अन् जाती. पोटभर दाब मिळाला तर कशाला जळंल? तुझं बी तेच झालंय. उपाशी ठिवून पळवायलीस त्याला.”

मी हसले. ते मात्र गंभीर होते. आमच्या भागातल्या माणसाला जास्त व्होल्टेजची भीती कशी वाटणार? ते कधी आलंय कुणाकडे? इथं माणसं आकडा चढला की खूश होतात, पंखा जोरात फिरला की एकमेकांकडे बघून हसतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर कॉम्प्युटर चालू! त्याची एक बाजू उघडी, आणि तिथं अप्पांनी कुठल्याशा जुन्या यंत्राचा एक्झॉस्ट पंखा पट्ट्या मारून बसवलेला. पंखा असा घोंघावत होता की रस्त्यावरचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

“दुपारपासनं पळायलंय,” अप्पा ओरडून म्हणाले. “एकदा बी थांबलं न्हाई.”

“काय सांगता!”

“बग की.”

मी तापमान पाहिलं. सत्तरीच्या आसपास. काही भीती नव्हती. मी सगळ्यांत अवघड चाचणी लावली. पास! पुन्हा लावली. पास! मी दुकानातच उड्या मारल्या, अप्पांच्या काळ्या हातांना धरून त्यांनाही एक गिरकी घ्यायला लावली. मोटार घेऊन आलेला एक माणूस दारात थबकून बघत राहिला. अप्पा वाकले, उघड्या बाजूला नाक लावलं, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “एकदम साफ हाय. कायबी वास न्हाई.”

पुढचे सगळे दिवस ते असंच करत होते. सकाळी दुकान उघडलं की एक वास, दुपारी जेवायला जाताना एक, मी आले की माझ्यासमोर एक. मी शाळेत सांगत सुटले होते की आमच्या अप्पांच्या पंख्याला बक्षीस द्यायला पाहिजे.

लातूरला जाण्याआधी शाळेत मोठ्या हॉलमध्ये रंगीत तालीम ठेवली होती. अप्पांनी कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून गाडीवरून आणून दिला आणि ते दुकानात परत गेले. समोर आठवी-नववीच्या मुली, मुख्याध्यापक, सगळे शिक्षक. मी बोलायला सुरुवात केली. माझा आवाज भिंतीला आपटून परत येत होता आणि मला तो आवडत होता. चाचणी सुरू केली. आणि मध्येच स्क्रीन काळी झाली.

मी बंद करून चालू केलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळीच. मग मी शेवटचा उपाय केला. आत एक छोटा गोल सेल असतो. तो काढून परत बसवला की आपण केलेले सगळे बदल पुसले जातात आणि कॉम्प्युटर कारखान्यातून आला तसा होतो. सेल काढला. बसवला. चालू केलं.

काहीच नाही.

कुणीतरी मागून खुदकन हसलं. मला अजून तो आवाज ओळखता येईल.

शिक्षकांच्या खोलीत सौदामिनी मॅडम माझ्यावर फार ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “मी सांगत होते, उर्वी. हावरटपणा केलास. आता लातूरला सातवीच्या मुलींचं ठिबकचं मॉडेल पाठवावं लागेल.”

“मॅडम, मी मर्यादेतच ठेवलं होतं. खरंच.”

“मर्यादेत ठेवलेलं असं जळतं का?”

मी मनातल्या मनात एकेक सेटिंग पुन्हा तपासत होते आणि चूक सापडत नव्हती. तेवढ्यात मशीन न्यायला बोलावलेले अप्पा दारात आले. चपला बाहेर काढल्या, आत आले, माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे.

“मॅडम, पोरीला बोलू नका,” ते म्हणाले. “मी जाळलाय त्यो.”

गणिताचे बिरादार सर हसले. त्यांच्या शेतातली मोटार अप्पाच भरतात. खरं तर त्या खोलीतल्या निम्म्या शिक्षकांच्या भरतात. “मलप्पा, पोरीला वाचवायला कशाला खोटं बोलायलास?”

“खोटं न्हाई, सर. चालू करताना डिलीट दाबून धरलं की निळं पान येतंय. तिथं व्ही हाय. पोरीनं एक पॉइंट पस्तीस ठिवलं होतं. ती शाळेत होती तवा मी एक पॉइंट सहा केलं.”

एक पॉइंट सहा! एवढं तर मी स्वप्नातसुद्धा दिलं नसतं.

बिरादार सर खुर्चीतून पुढे वाकले. “मायला, मलप्पा! मग माझ्या मोटारीचं काय करून ठिवलंस तू?”

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत.

“तुमची मोटार मला कळती, सर. हे कळत नव्हतं. कळत नसताना हात घातला.”

मग त्यांनी कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळला, उचलला आणि निघाले. मी मागून गेले. खरं सांगायचं तर मला इतका राग आला होता की गाडीवर मागे बसून मी त्यांच्या खांद्याला धरलंसुद्धा नाही. एसटी स्टँड मागे गेला, बाजार मागे गेला, तेव्हा एकदम माझ्या लक्षात आलं आणि मी पुढे वाकून विचारलं, “अप्पा, मी सेल काढला होता. सगळं पुसलं गेलं होतं. तुम्ही बोलला नसता तर कुणालाच कळलं नसतं.”

“आसं व्हय?”

“माहीत नव्हतं तुम्हाला?”

“सेलचं कुठं मला म्हाईत.” गाडी खड्ड्यातून हळू काढत ते म्हणाले, “पण तुला बोलत होत्या की त्या.”

मी त्यांचा खांदा धरला.

दुकानात आल्यावर मी प्रोसेसर काढला. अंगठ्याच्या दोन नखांएवढा चौकोन, वरून चकचकीत, खालून सोनेरी ठिपके. कुठेही डाग नाही, करपल्याची खूण नाही. अप्पांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि तो कडेला धरून नाकाशी नेला. मग डोळ्याला भिंग लावून बघत बसले.

“वास आला न्हाई गं,” ते म्हणाले. “रोज घेतला मी. ह्या घडीला बी येत न्हाई.”

“त्याला वास नसतो, अप्पा. आतल्या वाटा केसाहून कितीतरी बारीक असतात. दाब जास्त झाला की वीजच त्या वाटा कुरतडत जाते. तुम्ही पंखा लावला म्हणून तो तापला नाही, पण कुरतडणं चालूच होतं.”

“थंड ठिवलं तरी?”

“तरी.”

“मग कळावं कसं माणसाला?”

“कळतच नाही. म्हणून आधीच आकडा ठरवायचा आणि तिथं थांबायचं.”

बाहेर एक ट्रॅक्टर थांबला, कुणीतरी हाक मारली, त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

“ह्याची तार कुठनं सुटती, ते दाव. कितीबी बारीक असू दी. मी भरून देतो.”

“अप्पा, हा भरता येत नाही.”

“टाकूनच द्यायचा?”

“हो.”

मी अप्पांचा चेहरा कधी तसा पाहिला नव्हता. आमच्या दुकानात जळालेलं काहीही आलं तरी ते उठून चालतं होऊन जातं. भाजलेल्या, पाण्यात बुडालेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या मोटारी अप्पांनी उभ्या केल्यात. आणि ही एवढीशी वस्तू त्यांच्या हातात पडली होती, जिच्यासाठी त्यांना काहीच करता येत नव्हतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. हा चांगला होता आणि मी त्याला मारला, असं काहीतरी ते कानडीत पुटपुटले. अप्पा कानडी फक्त देवाशी आणि स्वतःशी बोलतात.

आणि तिथंच, त्या फरशीवर, मला माझा प्रयोग सापडला!

दुसऱ्या दिवशी मी सौदामिनी मॅडमना गाठलं. “मॅडम, मी जाणार आहे लातूरला.”

“काय घेऊन?”

“मेलेला प्रोसेसर.”

“उर्वी, तिथं चालणारे प्रयोग लागतात.”

“मॅडम, वेग वाढवा म्हणून सांगणारे शेकड्यांनी आहेत. किती व्होल्टेजला तो मरतो आणि मरताना काहीच का समजत नाही, हे कुणी हातात धरून दाखवलंय का? माझ्याकडे जळालेला प्रोसेसर आहे. जळालेली मोटार आहे. एक कमी दाबानं गेली, एक जास्त दाबानं गेला. एकीला वास येतो, दुसऱ्याला येत नाही. आणि ज्यांनी जाळला ते स्वतः सांगायला येणार आहेत.”

“मलप्पा येणार? सगळ्यांसमोर?”

“मी विचारलं. ते म्हणाले, सदऱ्याला इस्त्री करून ठिव.”

मॅडम म्हणाल्या, “तक्ता बदल. आणि अक्षर नीट काढ.”

लातूरच्या एका शाळेच्या मैदानात मांडव होता, आणि मांडवात पवनचक्क्या, ज्वालामुखी, सेन्सर लावलेल्या कचरापेट्या. माझ्या टेबलावर जळालेल्या तारांचं एक काळं वेटोळं आणि कापसावर तो चकचकीत चौकोन. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत : ‘यातला कोणता जळालाय, वास घेऊन सांगा.’ लोक वाकायचे, हुंगायचे, हसायचे आणि फसायचे! सगळे तारांकडेच बोट दाखवायचे, जळालेले तर दोन्ही होते.

अप्पा माझ्या शेजारी उभे होते. पांढरा सदरा, कपाळाला भस्म, हात मागे बांधलेले. एक बिल्ला लावलेला स्वयंसेवक आला.

“काका, पालकांनी बाहेर बसायचंय. टेबलापाशी फक्त विद्यार्थी.”

अप्पा लगेच निघाले. नियम म्हटला की ते वादच घालत नाहीत.

“ते पालक नाहीत,” मी म्हणाले.

“म्हणजे? वडील नाहीत तुझे?”

“वडील आहेत. पण आत्ता ते माझ्या प्रयोगाचा भाग आहेत. ते गेले तर प्रयोग अर्धा राहील.”

तेवढ्यात परीक्षक आल्या. केस पिकलेल्या, कुठल्यातरी कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. त्यांनी माझं ऐकलं होतं, कारण हसू दाबत होत्या. “असू दे त्यांना,” त्या म्हणाल्या. मग तक्ता वाचला, प्रोसेसर कडेने उचलला. “बंद पडलेला प्रयोग घेऊन आलीस?”

“नाही मॅडम, शेवटपर्यंत गेलेला घेऊन आलेय.”

“किती दिलं होतं?”

मी तोंड उघडलं, पण अप्पांनी मागचे हात पुढे घेतले होते.

“एक पॉइंट सहा, मॅडम. मी दिलं. पोरीनं पस्तीसवर बांधलं होतं. मी मोटारीतला माणूस. मला वाटलं, उपाशी हाय.”

बाई प्रोसेसर खाली ठेवून अप्पांकडे वळल्या. “मोटार उपाशी असते म्हणजे काय होतं? मला नीट सांगा,” असं त्यांनी विचारलं, आणि मग मला कुणी काही विचारलंच नाही. अप्पांनी ते काळं वेटोळं उचललं आणि ते सांगायला लागले.

दुपारी जेवणाची सुटी झाली. मी रांगेत उभी राहून दोन कागदी प्लेटांत सुशीला घेतली, कांदा आणि शेंगदाणे घालून परतलेले भिजवलेले चुरमुरे. अप्पांना ती फार आवडते. गरमगरम घेऊन मी लगबगीनं आमच्या टेबलाकडे निघाले, आणि जरा अलीकडेच थांबले.

टेबलाभोवती कुठल्यातरी शाळेची पोरं जमली होती. त्यांच्या डोक्यांवरून मला फक्त अप्पांचा पांढरा सदरा दिसत होता. एक मुलगी टाचा उंचावून विचारत होती, “पण काका, हा जाळला कुणी?”

“मी,” अप्पा म्हणाले. आणि पोरं हसायला लागली तसे तेही हसले, चौकोन तळहातावर घेऊन खाली वाकले. “या, जवळ या. कसा जळाला ते सांगतो.”

मी पुढे गेले नाही. दोन्ही हातांत प्लेटा धरून तिथंच उभी राहिले. सुशीला निवून गेली तरी.